सुभेदार रामजींचा वारसा आणि आपल्या मुलांचा गृहपाठ



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत आपण चळवळीचा इतिहास वाचतो. १९२७ चा महाडचा सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा. या मोठ्या घटना आपल्या लेकरांनासुद्धा तोंडपाठ आहेत. मी मात्र यंदा एक लहान विषय घेतला आहे. संध्याकाळी आपलं पोरगं दप्तर उघडून बसतं, तेव्हा आई-बापाने काय करायचं, हा तो विषय. कुणी म्हणेल, गृहपाठात इतिहास कसला आला? पण आपल्या समाजाच्या शिक्षणाचा इतिहास नुसता शाळेच्या इमारतीत घडलेला नाही. त्याचा अर्धा भाग घरातल्या दिव्याखाली घडला आहे, आणि तोच भाग आपण विसरत चाललो आहोत.

शाळेच्या आधी घर

महात्मा जोतीराव फुले यांच्यापासून सुरुवात करू. त्यांचे वडील गोविंदराव यांनी लोकांचं ऐकून जोतीरावांना शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. तिथेच सगळं संपलं असतं. पण गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन परिचितांनी पोराची हुशारी ओळखली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत, स्कॉटिश मिशनच्या शाळेत जाऊ लागले. म्हणजे बघा, बापाने एक वेळ ऐकलं नसतं तर पुढचा इतिहासच झाला नसता. आणि ऐकवणारे कोण, तर एक मुसलमान मुन्शी आणि एक इंग्रज.

सावित्रीबाईंचंही तसंच. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवलं. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, पण त्या शाळेच्या शिक्षिकेची पहिली शाळा तिचं स्वतःचं घर होतं.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी मागणी केली, की किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९०६ साली ते बडोदा संस्थानभर सक्तीचं केलं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आई-बापाला त्यात दंड होता. १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसवलं. स्वतंत्र भारतात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

हे सगळे कायदे थोर आहेत. पण कायदा पोराला शाळेच्या दारापर्यंत आणतो. शाळा सुटल्यानंतरची संध्याकाळ कुठल्याही कायद्याच्या हातात नाही. ती आई-बापाच्या हातात आहे.

सुभेदारांनी काय दिलं?

आता आपल्या सुभेदारांकडे येऊ. रामजी सकपाळ हे लष्करातल्या शाळेत चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. त्या काळी लष्करात सैनिकांच्या मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची शाळा असे. मुलींनाही शिकावं लागे. गावात ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू देत नव्हते, त्यांची कुटुंबं पलटणीत लिहू-वाचू लागली. तिथली विद्या रामजींनी घरात आणली.

भीमरावांची आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. मीराआत्याने त्यांचा सांभाळ केला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचं नाव दाखल झालं. हाच दिवस महाराष्ट्रात आज विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे, पाण्याला हात लावता येत नसे. पण घरी वडील अभ्यासाला बसवत. हॉवर्डची इंग्रजी वाचनाची पुस्तकं आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून पक्क्या करून घेतल्या. शाळेतला अपमान धुवून काढणारी ही घरची शाळा होती.

पुढे हे कुटुंब मुंबईत आलं आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागलं. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सरपण, जातं, बांधलेली शेळी आणि माणसं. जागा इतकी कमी की बापलेकांनी पाळी लावली. भीमरावांनी लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवून आपण आडवं व्हायचं. त्यानंतर रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यात मुलाचा अभ्यास. पुस्तक हवं असलं आणि हातात पैसा नसला, तर रामजी लग्न झालेल्या मुलींकडे, तुळसा आणि मंजुळा यांच्याकडे जात. त्यांचा दागिना गहाण टाकत, पुस्तक आणत आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवून परत देत. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरले बंधू आनंदराव शाळा सोडून कारखान्यात कामाला लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

आपल्यातले पुष्कळ पालक मला म्हणतात, "दादा, रामजी स्वतः मास्तर होते. आम्हांला कुठं काय येतं?" हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. इंग्रजी आणि गणित शिकवायला मास्तर लागतो, कबूल. पण रात्री दोन वाजता उठवायला कुठली पदवी लागते? दागिना काढून देणाऱ्या बहिणी काय पदवीधर होत्या? जेवू-खाऊ घालणारी मीराआत्या, कारखान्यात राबणारा भाऊ, यांनी काय पुस्तक शिकवलं? सुभेदारांच्या घराने भीमरावांना वेळ दिला, जागा दिली, उजेड दिला, पुस्तक दिलं आणि झोप मोडून सोबत दिली. या पाच गोष्टींपैकी एकीलाही आई-बाप शिकलेले असण्याची अट नाही.

आणखी एक गोष्ट. शाळा सुटल्यावर भीमराव बागेत वाचत बसत. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. गुरुजींनी चौकशी केली, पुस्तकं दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. जोतीरावांना जसे मुन्शी भेटले, तसे भीमरावांना केळुसकर. मुलाचा अभ्यास एकट्या घराचा नसतो, शेजाऱ्या-पाजाऱ्यांचाही असतो.

चाळीतल्या रात्री

आम्हा गिरणी कामगारांच्या वस्तीने हा वारसा बरीच वर्षं चालवला. बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. बाप कधी झोपलेला तर कधी कामावर. पोरं गॅलरीत, जिन्यात, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास करायची. रातपाळीचा माणूस झोपलेला असला तर शेजारीण आपल्या खोलीत पोरांना बसवून घ्यायची. चाळीत एखादा मॅट्रिक झालेला असला की तो गॅलरीत सतरंजी टाकायचा आणि मजल्यावरची सगळी पोरं गोळा व्हायची. फी नाही, काही नाही.

माझी आई अंगठा उठवायची. पण भाकरी थापता थापता ती माझे पाढे ऐकायची. तिला पाढे येत नव्हते, तरी मी अडखळलो की तिला कळायचं. आवाज बदलला की म्हणायची, "परत म्हण, हे पाठ नाही तुझं." दुसऱ्यांदा सरळ म्हटलं तरच भाकरी ताटात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, घरोघर चुली थंडावल्या, पोरांना कामाला लावायची वेळ आली. त्या दिवसांतही ज्या घरांनी संध्याकाळची वही सुटू दिली नाही, त्यांची मुलं आज नोकरीला आहेत. गिरण्या गेल्या, वही उरली.

आज काय दिसतं?

आज घरोघर वीज आहे, पंखा आहे. पण पहिली-दुसरीतल्या पोराला शिकवणी लावून आई-बाप मोकळे होतात. घरी टी.व्ही. नाहीतर मोबाईल चालू, आणि पोराला म्हणायचं, अभ्यास कर. काही ठिकाणी उलटंच, शाळेचा प्रकल्प बापच रात्री बसून कापतो-चिकटवतो आणि मार्क पोराला मिळतात. दोन्ही चूक. रामजींनी मुलाला उठवलं, मुलाच्या जागी बसून अभ्यास केला नाही.

शिक्षणाचे जाणकारही लहानांवर ओझं टाकू नका असंच सांगत आले आहेत. प्रा. यशपाल यांच्या समितीने १९९३ साली प्राथमिक वर्गांना नेहमीसारखा लेखी गृहपाठ नको, घर-परिसरातून शिकण्यासारखं काही द्यावं, असा विचार मांडला. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास द्यावा, असं म्हटलं आहे. मग एवढ्याशा लेकराला रात्री नऊपर्यंत शिकवणीत कोंडायचं कशाला?

करायचं ते साधं आहे. रोज ठरलेली वेळ ठेवा, मग ती अर्धा तासच का असेना. त्या वेळात घरातला प्रत्येक मोबाईल बाजूला. पोराजवळ बसा, भाजी निवडत बसलात तरी चालेल. वही हातात घेऊन पानं उलटा. वाचता येत नसलं तरी तारीख पडली का, बाईंनी लाल शाईने काही लिहिलं का, हे दिसतं. लिहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विचारा. "आज काय शिकलास, मला शिकव," असं म्हणा. आईला शिकवता शिकवता पोराचं पक्कं होतं. पोरगं इंग्रजी शाळेत असेल तर धडा वाचल्यावर त्याला म्हणा, आता मला मराठीत सांग. तर्खडकरांच्या पाठमालेत दुसरं काय होतं? आणि चुकलं म्हणून मारू नका. ज्याच्या पाठीवर वहीमुळे धपाटा बसतो, तो वहीला भिऊ लागतो.

मुलींच्या बाबतीत विशेष सांगतो. पाणी भरायला, भांडी घासायला, लहान भावाला सांभाळायला अभ्यासाच्या वेळी तिलाच उठवतात. १९१३ साली न्यूयॉर्कहून वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी सांगितलं, की आई-बाप मुलांचं आयुष्य घडवू शकतात, आणि मुलांबरोबर मुलींना शिकवलं तर आपली प्रगती लवकर होईल. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि वडिलांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या पत्राला शंभरावर वर्षं झाली, आणि आपण अजून वही मिटवून पोरीला नळावर पाठवतो.

२००९ च्या कायद्याप्रमाणे सरकारी आणि पालिका शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तिथे आपल्या वस्तीतले आई-बाप बसले पाहिजेत. मास्तर येतात का, पुस्तकं मिळाली का, हे तिथे विचारता येतं.

शेवटी विहाराविषयी. वंदना झाल्यावर हॉल रिकामा असतो, दिवे असतात, सतरंज्या असतात. रोज सात ते साडेआठ तिथे पहिली ते पाचवीच्या मुलांची अभ्यासिका चालावी, आणि वस्तीतल्या शिकलेल्या प्रत्येक मुला-मुलीने आठवड्यातून एक संध्याकाळ द्यावी, अशी माझी कमिटीला आणि तरुणांना विनंती आहे. ज्यांना शिकवता येत नाही त्यांनी दाराशी बसून चपला सांभाळाव्यात. तेही काम अभ्यासाचंच आहे. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक घरात आहे. त्या फोटोखाली संध्याकाळी एक वही उघडी दिसली, तर सुभेदार रामजींची ती जागी काढलेली रात्र आपण विसरलो नाही असं म्हणता येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!