लायक अली : कारखानदार पंतप्रधान

दरवर्षी १७ सप्टेंबर जवळ आला की वर्गात एखादा मुलगा दबक्या आवाजात विचारतोच, "सर, तेव्हाचे मुसलमान सगळे रझाकार होते का?"

उत्तराची सुरुवात मी मीर लायक अलींपासून करतो. हैदराबाद संस्थानातले हे नामांकित इंजिनिअर आणि उद्योगपती. ऑक्टोबर १९४७ मध्ये 'जैसे थे' करारासाठी दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाला रझाकारांच्या जमावाने अडवले. छतारीच्या नवाबांनी पंतप्रधानपद सोडले आणि वर्षाअखेरीस त्या खुर्चीवर लायक अली बसले. पाठबळ होते कासिम रझवींचे, म्हणजे लातुरात वकिली केलेल्या माणसाचे.

व्यापारी माणूस नफा-तोटा ओळखतो म्हणतात. पण या सरकारने भारताचे २० कोटींचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले आणि जून १९४८ मधला माउंटबॅटन यांचा शेवटचा प्रस्तावही नाकारला. इकडे खेड्यापाड्यांत रझाकारांची लूट, जाळपोळ आणि खून चालूच होते. मराठवाड्यातल्या हिंदू शेजाऱ्यांनी ते सोसले, हे आपण आधी मान्य केले पाहिजे.

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या आणि १७ तारखेला लायक अलींनी राजीनामा दिला. पुढे सुंदरलाल समितीने संस्थानभर २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज मांडला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. मेलेल्यांत बहुतेक जण ना रझाकार होते, ना रोख्यांचा अर्थ जाणणारे. १९५० मध्ये लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले. गावातल्या विधवांना मात्र कुठे जाण्याची सोय नव्हती.

मग मी त्या मुलाला दुसरे नाव सांगतो : शोएबुल्ला खान. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक. भारतात विलीन व्हा, असे त्यांनी लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये, लायक अली सत्तेवर असतानाच, रझाकारांनी त्यांचा खून केला.

म्हणजे उत्तर 'नाही' असेच आहे, बाळांनो. खुर्चीतला माणूस त्याच्या कौमचा चेहरा असतोच असे नाही. पण त्याच्या चुकीचे बिल मात्र कौमच्या दारावर येते. शोएबुल्लांचे नाव आपणच मुलांना सांगितले नाही, तर त्यांना रझवींचेच तेवढे ठाऊक राहील.