गव्हासाठी दिलेला मान

अथेन्सचं पोट स्वतःच्या शेतीवर भागत नव्हतं. गहू यायचा काळ्या समुद्राच्या उत्तर काठावरून. तिथल्या बोस्पोरसचा राजा ल्यूकॉन अथेन्सकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना तिसाव्या हिश्शाची जकात माफ करायचा, वर त्यांची जहाजं आधी भरू द्यायचा. बदल्यात अथेन्सने त्याला नागरिकत्व आणि करमाफी दिली. गडी स्वतः अथेन्समध्ये राहतही नव्हता, म्हणजे सौदा स्वस्तातच पडला म्हणायचा!

तरी लेप्टिनीसने जवळपास सगळ्यांच्याच माफ्या रद्द करणारा कायदा आणला. इ.स.पू. ३५५ च्या सुमारास डेमॉस्थेनिस त्याविरुद्ध बोलायला उभा राहिला: बोस्पोरसहून वर्षाला सुमारे ४ लाख मेडिम्नोस धान्य येतं, त्या राजाचा असा अपमान करायचा?

पुढे इ.स.पू. ३४७-४६ मध्ये ल्यूकॉनच्या मुलांना सोन्याचे मुकुट जाहीर झाले. ठराव दगडावर कोरलाय. त्याच दगडावर त्यांचे थकलेले पैसे चुकते करायचंही लिहिलंय.