बेड्या आणि क्रोध : जयपूर, १९७५

अपराध्याच्या क्रोधावर उपचार करण्याच्या इतिहासात १९७५ हे वर्ष लक्षणीय होय. त्या वर्षी अमेरिकेत रेमंड नोव्हाको यांचा क्रोधनियंत्रणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. चिथावणीचा प्रसंग कल्पनेत व अभिनयाने उभा करावयाचा आणि त्या वेळी स्वतःशी काय बोलावे हे शिकावयाचे, अशी ती पद्धती. पुढे ती कारागृहांतही गेली.

त्याच वर्षी जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात सत्यनारायण गोयंका यांनी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर घेतले. गृहसचिव राम सिंह यांचा त्यामागे पुढाकार होता. येथे विचारांशी वाद नव्हता; क्रोध उठताच श्वासात व शरीरात होणारा पालट केवळ पाहावयाचा होता. परंतु पहिली कसोटी कैद्यांची नव्हे, शासनाचीच लागली. काही कैदी बेड्यांसह आणले गेले, आणि गोयंकांनी त्या काढण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांना भय वाटले. ते अगदीच अनाठायी होते, असे आम्ही म्हणणार नाही. तरीही बेड्या निघाल्या.

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात हेच भय आढळते. पाचशे घोडेस्वार घेऊन निघालेल्या पसेनदी राजाला, जवळ बसलेला भिक्खू अंगुलिमालच आहे हे कळताच त्याच्या अंगावर शहारे येतात. मग तोच राजा त्याला चीवर देऊ करतो.