गाडीच्या सायलेन्सरमधून वेगळाच वास येतोय? कारण असं ओळखा

गाडीतून विचित्र वास आला की मी आधी तीन गोष्टी बघतो: वास इंजिन चालू असतानाच येतो का, धुराचा रंग कोणता आहे आणि वास केबिनमध्ये शिरतोय का. एवढ्यावरून गॅरेजमध्ये नेमकं काय सांगायचं ते कळतं.

कुजलेल्या अंड्यासारखा वास: पेट्रोलमधल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जात असेल किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसेल, तर हा वास येतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंधनात गंधक जास्तीत जास्त १० पीपीएम असतं, बीएस-४ मध्ये ते ५० होतं. त्यामुळे वास रोजच येत असेल तर 'पेट्रोलच खराब असेल' म्हणून सोडून देऊ नका.

कच्च्या पेट्रोलचा वास: पेट्रोल पूर्ण जळत नाहीये. स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर तापवून खराब करतं.

गोडसर वास आणि दाट पांढरा धूर: कूलंट इंजिनात जळतंय, बहुतेक वेळा हेड गॅस्केट गेलेलं असतं. इंजिन गार झाल्यावरच कूलंटची पातळी बघा. थंडीत सकाळी थोडा वेळ दिसणारी, वास नसलेली पांढरी वाफ मात्र नॉर्मल आहे.

जळक्या ऑइलचा वास आणि निळसर धूर: पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. डिपस्टिकने ऑइल तपासा.

सीएनजी गाडी असेल तर: सीएनजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. इंजिन बंद असतानाही वास येत असेल तर तो सायलेन्सरचा नाही, गळतीचा आहे. गाडी सुरू करू नका, कोणतंही बटण दाबू नका, दारं उघडी ठेवून लांब जा आणि मगच फोन करा.

मोबाइलची मदत: स्टिअरिंगच्या खाली ओबीडी पोर्ट असतो. त्यात स्कॅनर लावला की अॅपमध्ये एरर कोड दिसतो. साधा ब्लूटूथ स्कॅनर अँड्रॉइडवर चालतो. आयफोनसाठी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या. पी०३०० म्हणजे मिसफायर, पी०१७२ म्हणजे पेट्रोल जास्त, पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची क्षमता कमी. पण पी०४२० आला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलू नका. सेन्सर बिघडला किंवा एक्झॉस्ट पाइप गळत असला तरी हाच कोड येऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धुरातला सर्वात घातक वायू, कार्बन मोनॉक्साइड, याला वासच नसतो. केबिनमध्ये धुराचा वास येतोय म्हणजे त्यासोबत हा वायूही आत येत असू शकतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ जाणवली तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या. त्रास वाढला तर ११२ वर कॉल करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, एसी लावून गाडीत झोपू नका. आणि केबिनमधला वास परफ्यूम लावून झाकू नका, कारण अशा वेळी तोच एक इशारा तुमच्याकडे असतो.