जोगळटेंभी नाणेनिधी
जोगळटेंभी नाणेनिधी : क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा सुप्रसिद्ध निधी. नाशिक जिल्ह्यात (सिन्नर तालुका) दारणा व गोदावरी यांच्या संगमाजवळील जोगळटेंभी या गावी तो १९०६ मध्ये उघडकीस आला. त्यात सु. १३,२५० नाणी होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा पुन्हा उमटविलेला आहे. एच्. आर्. स्कॉट यांनी १९०८ च्या सुमारास या निधीचे वर्णन प्रसिद्ध केले.

क्षहरात हे शकांचे एक कुल होते. त्यांच्या चांदीच्या नाण्यांचा आदर्श इंडो-ग्रीक द्राख्म हा होय. मीनांदर व अपोलोडोटस यांचे जुने द्राख्म भडोचच्या बाजारात चालत असल्याचा उल्लेख पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात आढळतो. पश्चिमेकडे गॉलमधील केल्टिक टोळ्यांनीही मॅसेलिया (सध्याचे मार्से) या ग्रीक वसाहतीच्या द्राख्मांचे अनुकरण करून आपली चांदीची नाणी पाडली होती. नहपानाच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर राजाचा उजवीकडे पाहणारा मुखवटा व ग्रीक लेख, तर मागील बाजूवर बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी या लिपींतील लेख असतो. वजन सु. दोन ते अडीच ग्रॅम भरते. या निधीतील मुखवटे तरुण, प्रौढ व वृद्ध असे भिन्न दिसतात. त्यामुळे ही सर्व चित्रे एकाच व्यक्तीची आहेत किंवा काय, याविषयी मतभेद आहेत.

गौतमीपुत्राने ही नाणी न वितळविता त्यांवरच एका बाजूस तीन कमानींचा पर्वत व स्वतःच्या नावाचा लेख, तर दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह उमटविले. यामुळे चांदी चलनात कायम राहिली व सत्तांतराची द्वाहीही फिरली. पुष्कळ नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचा मुखवटा व अक्षरे अद्यापि दिसतात.

या निधीचे खरे महत्त्व कालनिर्णयाच्या दृष्टीने आहे. नहपानाच्या कारकीर्दीतील लेखांत ४१ ते ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानल्यास त्यांचा काळ इ. स. ११९–१२४ असा येतो; ती राज्यवर्षे मानणारे विद्वान नहपानाला इ. स. पहिल्या शतकात घालतात. नाणी राजाच्या मृत्यूनंतरही चलनात राहत असल्याने केवळ पुनर्मुद्रांकनावरून समकालीनत्व सिद्ध होत नाही. तथापि या निधीत मधल्या कोणत्याही राजाचे नाणे नाही. नाशिकच्या लेण्यांतील कोरीव लेखही याच दिशेने जातात. नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्या ताब्यात असलेली जमीन गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना दिली, आणि गौतमी बलश्रीच्या लेखात त्याला क्षहरात कुलाचा उच्छेद करणारा म्हटले आहे. यांवरून दोघे समकालीन असल्याचे मत बहुतेक विद्वानांनी मान्य केले आहे.

सातवाहनांचे स्वतःचे नाणे प्रामुख्याने शिसे, तांबे व पोटीन यांचे होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली १९५४–५६ मध्ये झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत नाण्यांबरोबरच रोमन पद्धतीच्या मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. त्यावरून पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचे धागे प्रवरेच्या काठापर्यंत पोहोचल्याचे दिसते. या व्यापाराच्या प्रदेशात क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्याची लोकांना सवय झालेली होती. पुढे सातवाहनांनीही राजमुखवटा असलेली चांदीची नाणी पाडली. यज्ञश्री सातकर्णीचे असे एक नाणे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. क्षहरातांची सत्ता नष्ट झाली, तरी त्यांची नाणेपद्धती जेत्यांनी स्वीकारली, हे यावरून स्पष्ट होते.