लव कातरणारे यंत्र हिरवळीवर

इंग्लंडच्या थंड, दमट हवेत फेस्क्यू व बेंट ही बारीक पात्यांची गवते दाट वाढतात. पण त्यांची हिरवळ राखायची, तर पहाटे दव असतानाच लांब दांड्याचे विळे घेतलेले कसबी मजूर लावावे लागत. कोरडे पाते विळ्यापुढे नुसते वाकते. म्हणजे हा शौक जमीनदारांचाच. (बाकीच्यांकडे मेंढ्या होत्या!)

स्ट्राउडजवळच्या एडविन बडिंगला उपाय सुचला तो कापडगिरणीत. तेथे लोकरी कापडाची लव कातरायला फिरत्या दंडगोलावरची पाती एका स्थिर पात्याला घासून जात. तीच रचना त्याने चाकांवर बसवली आणि १८३० साली पेटंट घेतले. यंत्र लोखंडी, चांगलेच जड. तरी कोरडे गवत कापी. ते जमीनदारांनी स्वतः ढकलावे, व्यायाम होईल, असेही बडिंगने पेटंटात सुचवले होते!

एवढी छाटणी सोसून गवत जगते कसे? वर्गात करून पाहा. गवताच्या कोवळ्या, वाढत्या पात्यावर सारख्या अंतराने शाईच्या खुणा करा. काही दिवसांनी खुणा वर सरकलेल्या दिसतील, पण त्यांच्यातले अंतर तेवढेच असेल. पाते वाढते ते बुडाशी, आणि रोपाचा शेंडाही जमिनीलगत दडलेला असतो. बडिंगचे पाते तिथवर पोचतच नव्हते.