निकालावर पगार : 1882 ते 2017

राहनाळच्या परिसरात गोदामांच्या रांगा आहेत, भिवंडीत यंत्रमाग, तालुक्यात वीटभट्ट्या. इथे राबणाऱ्यांचे काम संपले की बिऱ्हाड उचलले जाते आणि मूल मध्येच शाळा सोडते. मग नापास कोण? मूल, मास्तर की व्यवस्था?

प्रश्न जुना आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांच्या नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेला बांधले. त्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यात आली. जेवढी मुले पास, तेवढे पैसे. मेख इथेच होती. मोजणी परीक्षेला बसलेल्यांचीच. दाराबाहेर ठेवलेल्या महार-मांगांच्या मुलाचा तोटा कुणाच्याच खात्यावर पडत नव्हता.

1882 साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी, जास्त मुले पास करणाऱ्या गावच्या मास्तरांना खास भत्ता द्या, असे म्हटले. निकालाचे समर्थक हे वाक्य पुढे करतील. आम्ही ते लपवणार नाही. पण पूर्ण वाचा. आधी किमान 12 रुपये पगार, त्यावर भत्ता. आणि त्याच निवेदनात जातिद्वेषामुळे महार-मांग शाळेबाहेर राहतात, गरिबीमुळे शेतकऱ्यांची मुले गुरे राखतात, हेही तात्यासाहेबांनी सरकारला सुनावले. खुद्द आयोगानेही प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी निकालावर ठेवताना मागास भागांतल्या शाळांसाठी अपवादाची वाट ठेवली.

135 वर्षांनी, 23 ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीसाठी शाळासिद्धीची 'अ' श्रेणी आणि माध्यमिक शिक्षकांसाठी नववी-दहावीचा 80 टक्क्यांवर निकाल, अशा अटी घातल्या. 2019 मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. विचार मात्र मेलेला नाही.

मास्तरांना जाब विचारूच नये, असे आम्ही म्हणत नाही. वस्तीतल्या पोराला मागच्या बाकावर ढकलणारा मास्तर आम्हाला नकोच. पण तो टक्केवारीत सापडत नाही. बाबासाहेबांना वर्गात गोणपाटावर वेगळे बसवणारे शिक्षक निकालाच्या तक्त्यात कधीच दोषी ठरले नसते, कारण बाबासाहेब पास होत होते!

म्हणून मोजायचेच असेल तर मूल कुठून निघाले आणि कुठे पोहोचले ते मोजा. किती गळाले ते मोजा. वर्गात कोण कुठे बसते ते पाहा. नुसत्या टक्केवारीवर पगार बांधला, तर शाळा कच्चे मूल टाळायला शिकते. आणि ते कच्चे मूल बहुतेक वेळा आमचेच असते.

जय भीम! जय सावित्री!